गटाचे सहाशे रुपये आणि जुना मारिओ

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ताईंना झालंय काय! विषय आहे व्हिडिओ गेमचा. पण सुरुवात आपल्या नेहमीच्या बैठकीतच झाली, म्हणून तिथूनच सांगते.

मागच्या पावसाळ्यात एका गटाच्या मासिक बैठकीला बसले होते. वसुली झाली, वहीवर सह्या झाल्या आणि अंतर्गत कर्जाची मागणी सुरू झाली. एकीला शेळी घ्यायची होती, एकीला खत, एकीच्या मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन. मग दाराजवळ बसलेली एक जण हळूच म्हणाली, "मला सहाशे पाहिजेत." कशाला? "पोराला गेम घ्यायचाय."

सगळ्या हसल्या. गटातल्या वडीलधाऱ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. "गटाचा पैसा खेळायला? उद्या सिनेमाला मागशील," म्हणाल्या. ती खाली मान घालून बसली. मला वाटलं, विषय संपला. पण चहा होईपर्यंत तिनं धीर केला आणि सगळं सांगितलं.

पोरगा सातवीत. शाळेच्या नावानं घेतलेला मोबाइल त्याच्याच हातात असायचा. त्यात लढाईचा एक खेळ. खेळ फुकट, पण आतमध्ये बंदूक पाहिजे, कपडे पाहिजेत, तर पैसे. बँकेचं खातं त्याच मोबाइलवर. पिन पोराला माहीत, कारण आईचं पैसे पाठवायचं काम पोरगंच करून देतं. आपल्यापैकी किती जणींच्या घरी असंच आहे, हात वर करायला सांगत नाही! शेळी विकून आलेले आठ हजार खात्यावर होते. पन्नास, ऐंशी, शंभर असं करत त्यातले दोन हजार आठशे गेले. कळलं तेव्हा बापानं मारलं, मोबाइल कपाटात गेला, आणि पोरगं घरात कुणाशी बोलेना. "ताई," ती म्हणाली, "खेळू नको म्हणून किती दिवस सांगू? ज्यात इंटरनेट नाही, पैसे मागत नाही, असं काहीतरी द्यावं म्हणते. बाजारात चारशे गेमचा डबा पाहिलाय, पाचशे-सहाशेला."

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. सहयोगिनी म्हणून मला शेळीचा विमा सांगता येतो, कर्जाचा प्रस्ताव भरता येतो. गेमचं काय सांगणार? म्हटलं, पुढच्या बैठकीला सांगते. त्या महिन्यात मी जे शोधलं, विचारलं, वापरून पाहिलं, ते आज तुमच्यापुढं ठेवते.

पस्तिशीच्या आसपास असलेल्या माझ्या मैत्रिणींना तो जुना टीव्ही गेम आठवत असेल. पांढरा-राखाडी डबा, दोन वायरवाले रिमोट, वर खाच, आणि त्या खाचेत बसवायची जाडजूड कॅसेट. लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. मीडिया, सामुराई, मिताशी अशी नावं असायची डब्यांवर. आमच्या चुलत भावाला दहावीच्या आधी तो मिळाला होता. खेळायची पोरं, बघायच्या पोरी. चहा आणून द्यायचा, वायर पायात येऊ द्यायची नाही आणि मागं उभं राहायचं. मला अख्ख्या सुट्टीत एकदाच रिमोट मिळाला. मिशीवाला, टोपीवाला मारिओ चार पावलं चालला, समोरून आलेल्या तपकिरी भुताला धडकला आणि मेला. "दे इकडं, तुला जमणार नाही," भाऊ म्हणाला. एवढीच माझी व्हिडिओ गेमची पुंजी.

आता हे डबे आले कुठून? मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो ही क्योटो शहरातली कंपनी १८८९ साली सुरू झाली ती खेळायचे पत्ते करायला. फुलापानांची चित्रं असलेले हाती रंगवलेले पत्ते. त्याच कंपनीनं १९८३ मध्ये टीव्हीला जोडायचं खेळयंत्र काढलं, फॅमिकॉम नावाचं. ते जगभर इतकं चाललं की ठिकठिकाणी त्याच्या नकला निघाल्या, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत पोचल्या त्या नकलाच. मारिओचा प्रसिद्ध खेळ १९८५ चा. म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठा!

त्या यंत्राची ताकद ऐका. त्यात काम करायची मेमरी होती दोन किलोबाइट. मारिओचा अख्खा खेळ, आठ मुलखांचा, बत्तीस टप्प्यांचा, गाण्यासकट, चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आपल्या ग्रुपवर सकाळी सकाळी 'शुभ सकाळ'चा जो फोटो येतो ना, तो बहुतेक वेळा याहून मोठा असतो.

एवढ्याशा जागेत संसार कसा मांडला हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली. पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. आडवे २५६ ठिपके, उभे २४०. लहान मारिओ उंचीला फक्त सोळा ठिपके, आणि रंग तीन. त्याचा जन्म १९८१ च्या एका आधीच्या खेळातला. चित्र काढणारे शिगेरू मियामोटो यांना एवढ्याशा चेहऱ्यात तोंड नीट दाखवता येईना, म्हणून त्यांनी नाकाखाली मिशी काढली. उडी मारताना केस हलताना दाखवणं अवघड, म्हणून डोक्यावर टोपी घातली. आणि पुढच्या वेळी नीट बघा, मारिओच्या आभाळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे. वर पांढरी, खाली हिरवी. एका छापाचे दोन उपयोग. उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरं, ती जुनी यंत्रं आता बंद पडली. मग आजच्या डब्यात तो खेळ चालतो कसा? इथं एक शब्द येतो, एम्युलेटर. त्याला मी आपल्या भाषेत बहुरूपी म्हणते.

बहुरूपी आठवतो? पोलिसाचा वेश करून दारात यायचा, वही काढायचा, वॉरंट आहे म्हणायचा. चाल पोलिसाची, भाषा पोलिसाची. क्षणभर आपण खरंच घाबरायचो. एम्युलेटर हा मोबाइलमधला किंवा कॉम्प्युटरमधला असाच एक प्रोग्राम आहे. तो जुन्या यंत्राचं सोंग घेतो. जुन्या खेळाला वाटतं, मी माझ्याच डब्यात आहे. खेळ म्हणतो, अमुक ठिपका लाल कर. बहुरूपी ते ऐकतो, नव्या यंत्राच्या भाषेत सांगतो, आणि ठिपका लाल होतो. हे सेकंदाला लाखो वेळा. सोंग घेणाऱ्याला दुप्पट-चौपट मेहनत लागते, म्हणून नवं यंत्र जुन्यापेक्षा बरंच वेगवान असावं लागतं. ती काळजी नाही. जुन्या डब्याच्या चिपचे सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके पडायचे; आजच्या साध्या मोबाइलचे शंभर कोटींच्या पुढं जातात.

तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. त्यानं पाचशे-सहाशेवाला डबा मला उघडून दाखवला. आत छोटीशी हिरवी पाटी आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका. त्या ठिपक्याखाली चिप. अशा स्वस्त डब्यांत बहुतेक वेळा बहुरूपी नसतो. जुन्या यंत्राचीच सगळी रचना आटवून एका चिपमध्ये बसवलेली असते. बासुंदी आटवावी तशी! त्यामुळं तो जुने तेवढेच खेळ खेळतो, दुसरं काही करू शकत नाही. त्यात सिम बसत नाही, इंटरनेट नाही, कॅमेरा नाही. त्या आईला नेमकं हेच हवं होतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट. खेळ कसा बनवलाय हे, बनवणारा पैसे कधी घेतो यावर ठरतं. पूर्वी एसटी स्टँडजवळ, जत्रेत नाण्यावर चालणारी यंत्रं असायची. तिथं प्रत्येक डावाला पैसे, म्हणून तुम्ही लवकर मरावं अशीच त्या खेळांची रचना. घरच्या कॅसेटचे पैसे एकदाच, दुकानात. त्यानंतर तुम्ही दहा वर्षं खेळा नाहीतर उद्या माळ्यावर टाका, कंपनीला काही मिळत नाही. म्हणून खेळ अवघड असायचा, पण त्याला शेवट असायचा. राजकन्या सुटली की संपला. मोबाइलवरचा फुकट खेळ मात्र संपून चालत नाही. तुम्ही उद्या परत यावं, परवा यावं, आणि एखाद्या दिवशी पाकीट उघडावं, अशीच त्याची मांडणी असते. रोज हजेरीचं बक्षीस, आज रात्री संपणारी सवलत, मित्राकडं आहे ते तुझ्याकडं नाही ही टोचणी. त्या पोराला मारून काय उपयोग? मोठी माणसं अडकतात तिथं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेनं २०२५ साली बंदीचा कायदा केला, हे तुम्ही ऐकलं असेल. पण खेळातली बंदूक विकत घेणं म्हणजे पैसे लावून पैसे जिंकणं नव्हे. ते त्यात मोडत नाही. ते दार आपणच लावायचं. पिन पोराला देऊ नका. आधी दिला असेल तर आज रात्री बदला.

पुढच्या बैठकीत मी एवढंच सांगितलं. मावशींनी तीन प्रश्न विचारले. "सिम बसतं?" नाही. "आत पैसे मागतो?" नाही. "मग संपतो का कधी?" बॅटरी संपते, मी म्हटलं. "मग द्या तिला. दोन टक्क्यानं." सहाशेला महिन्याचं व्याज बारा रुपये, तीन हप्त्यांत फेड. ठरावाच्या वहीत काय लिहायचं यावर पुन्हा हसाहशी झाली. शेवटी सचिवानं लिहिलं, 'मुलासाठी साहित्य'.

डबा घेताना काय बघायचं ते सांगते, कारण नंतर दोघी-तिघींनी मला फोन केले.

खोक्यावर चारशे खेळ लिहिलेलं असतं, त्या आकड्याला भुलू नका. पूर्वीच्या कॅसेटवर तर ९९,९९,९९९ खेळ लिहायचे आणि आत पाच-सहाच फिरवून फिरवून! आजच्यात तेवढी लबाडी नसते, पण माझ्या मते खेळण्यासारखे वीस-पंचवीस निघतात. तेवढे पुरतात. दुकानात चालू करून सगळी बटणं दाबून बघा. वर-खाली-डावी-उजवी हे अधिकचं चिन्ह, आणि उजवीकडचं ए आणि बी. हीच आधी दगा देतात. बॅटरी निघणारी आहे का बघा. बहुतेकांत जुन्या बटणांच्या मोबाइलची असते तशी चपटी बॅटरी असते, ती तालुक्याला सहज मिळते. चार्जिंग करताना घरातला जुना, साधा चार्जर वापरा, डोळ्यांसमोर आणि दिवसा. रात्रभर, उशीखाली, अंथरुणात अजिबात नाही. बॅटरी फुगली तर ती दाबू नका, टोचू नका, चुलीत टाकू नका. या वस्तू स्वस्त असतात, त्यांच्यात सुरक्षेवर फार खर्च केलेला नसतो हे धरूनच चालायचं.

सोबत पिवळ्या टोकाची एक वायर मिळते, टीव्हीला लावायची. पिवळं भोक चित्राचं, पांढरं आवाजाचं, आणि टीव्हीच्या रिमोटवर ए-व्ही निवडायचं. जमलं तर टीव्हीवरच खेळू द्या, कारण डब्याचा पडदा तीन बोटांचा, डोळे बारीक करून बघावं लागतं. नव्या टीव्हीला कधी पिवळं भोकच नसतं, ते घरी आधी बघून मग दुकानात जा.

बंदूक मिळते म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. ती बदकं मारायची बंदूक आठवतेय ना? तिच्यातून काहीच बाहेर पडत नव्हतं. चाप ओढला की टीव्ही निमिषभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि बंदुकीच्या तोंडातला डोळा तो उजेड बघायचा. दिसला तर बदक पडलं. जुन्या पोटवाल्या टीव्हीवर चित्र ज्या वेगानं उमटायचं, त्या हिशोबावर हे बेतलेलं होतं. सपाट टीव्हीवर चित्र उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेनं येतं, म्हणून ती बंदूक तिथं आंधळी होते.

दीड-दोन हजारांच्या पुढं टीव्हीच्या मागं खोचायची काडी मिळते, दोन बिनवायरचे रिमोट आणि हजारो खेळ असलेली. तिच्यात खरा बहुरूपी असतो. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलांच्या हाती रास्पबेरी पाय नावाची छोटी पाटी दिली तर ती स्वतः असं यंत्र तयार करतात. ही पाटी इंग्लंडमध्ये २०१२ साली मुलांनी कॉम्प्युटर शिकावा म्हणूनच निघाली. पण आपल्या घरी खरा उपयोगाचा आहे तो कपाटात पडलेला जुना मोबाइल. पडद्याला तडा गेलाय, सिम चालत नाही, काही बिघडत नाही. सिम काढा, बँकेचं ॲप काढा, रेट्रोआर्च नावाचा बहुरूपी त्यात घाला. तो फुकट आहे आणि मध्येमध्ये जाहिराती दाखवत नाही. मग इंटरनेट बंद करून टाका.

आता एक अडचणीची गोष्ट, ती झाकून ठेवत नाही. या डब्यांमधले खेळ बहुतेक वेळा मूळ मालकाला न विचारता उतरवलेले असतात. बहुरूपी प्रोग्राम वापरण्यात चूक नाही, पण खेळ कुणाच्या तरी मालकीचा आहे. मारिओ चाळीस वर्षांचा झाला तरी कंपनीचा हक्क संपलेला नाही. खुद्द कंपनीनं २०१६ साली तीस जुने खेळ भरलेला छोटा डबा काढला होता. गंमत म्हणजे त्याच्याही आत बहुरूपीच. तुम्ही म्हणाल, जपानच्या कंपनीला आपल्या सहाशे रुपयांनी काय फरक पडतो? मीही तसंच म्हटलं होतं. मग आठवलं, आपल्या एका गटाच्या शेंगदाणा चटणीचं लेबल हुबेहूब छापून दुसऱ्याच कुणीतरी बाजारात विकली होती, तेव्हा आम्ही किती चिडलो होतो. डबा घेतला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून विचारणाऱ्या बाईला मी आधी जुन्या मोबाइलचा मार्ग सांगते. त्याच जुन्या यंत्रासाठी आजही हौशी लोक नवे खेळ रचतात आणि काही जण ते सगळ्यांना मोकळे देतात. 'नोव्हा द स्क्विरल' नावाचा एका खारीचा खेळ आहे तसा. आमच्या धाकट्या पुतणीला मारिओपेक्षा ती खारच आवडते.

त्या पोराचं काय झालं विचाराल. पहिले चार दिवस त्यानं डब्याला हात लावला नाही. "हे काय लहान पोरांचं," म्हणाला. पाचव्या दिवशी लावला. एक बरं आहे, या डब्यात खेळ जिथं सोडला तिथून पुढं सुरू होत नाही. बंद केला की मारिओ पुन्हा पहिल्या टप्प्यावर. आमच्या लहानपणी भारनियमन असायचं, भाऊ सातव्या मुलखात पोचलेला आणि लाइट गेली की असा रडायचा! तेव्हा तो दोष होता. आज आईला 'अर्धा तास झाला, बंद कर' म्हणायला सोपं पडतं, कारण उद्या येऊन काही गमवायचं नसतं. वाट बघणारं पलीकडं कुणी नाही. पोरगं एकदम शहाणं झालं असं मी म्हणणार नाही. मोबाइल कधी मिळणार हे तो अजून विचारतो. पण विचारतो, म्हणजे बोलतो.

घरात एक नियम मात्र मी पहिल्याच दिवशी घालून दिला होता: रिमोट दोन असतील तर दुसरा बहिणीच्या हातात. नसेल तर मारिओ मेला की डबा तिच्याकडं. बहीण पाचवीत आहे. पंधरा दिवसांत तिनं भावाला मागं टाकलं, आणि आता तोच तिच्या शेजारी बसून "उडी, उडी!" ओरडतो.

शेवटचा हप्ता भरायला ती आली तेव्हा बैठकीच्या आधीच आली. पैसे वहीत लागले, तरी रेंगाळली. मग आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाली, "ताई, एक विचारू? सगळे झोपले की मी बसते थोडा वेळ. तो मोठा खड्डा आहे बघा, तिथंच पडतोय रोज."

मी म्हटलं, जागेवरून उडी मारतेस का?

"हो."

तसं नाही. बी दाबून धर, लांबून पळत ये आणि अगदी काठावर आलीस की ए.